‘गॅस संपलाय’ म्हणण्याआधी

एप्रिल निम्मा उलटला की चंद्रपूरच्या ऊर्जानगर, दुर्गापूर, तुकूम या पट्ट्यात फ्रिज दुरुस्त करणाऱ्यांना उसंत नसते. तक्रार बहुतेकांची एकच. दिवा लागतो, घरघर ऐकू येते, पण फ्रिज कूलिंग करत नाही. दूध संध्याकाळपर्यंत फाटतं, बर्फाचा ट्रे दुपारी चार वाजताही पाण्यानं भरलेलाच असतो. निदानही बहुधा एकच असतं, आणि कित्येकदा ते फ्रिजला हात लागण्याआधी फोनवरच होतं: गॅस संपलाय, भरावा लागेल.

फ्रिजमधला गॅस स्वयंपाकाच्या सिलिंडरसारखा खर्च होत नाही. तो बंद नळीत फिरत राहतो: आत द्रवाची वाफ होताना उष्णता उचलतो, बाहेर वाफेचा द्रव होताना ती सोडतो. कारखान्यात भरलेला गॅस पंधरा-वीस वर्षं तसाच पुरलेले फ्रिज आपल्या नात्यागोत्यात शोधले तर सापडतील. म्हणून गॅस कमी झाला असेल तर तो गळला आहे, आणि गळला असेल तर कुठे तरी भोक आहे. ते भोक न शोधता गॅस भरला, तर पुढच्या उन्हाळ्यात, किंवा याच उन्हाळ्यात, तोच माणूस तेच काम करायला परत येईल. शिवाय गळती हे या तक्रारीमागचं अनेकांतलं एक कारण आहे, आणि आपल्या भागात तरी ते पहिलं नाही. बिनखर्चाच्या आणि वारंवार घडणाऱ्या कारणांपासून सुरुवात करून नळीपर्यंत शेवटी पोचायचं, हा खरा क्रम. प्रत्यक्षात तो उलटा चालतो.

पहिलं कारण हवेतच आहे. चंद्रपूरचा पारा मे महिन्यात ४६-४७ अंशांवर गेला तर इथे कुणी भुवई उंचावत नाही. २०१९च्या मे अखेरीस तो ४८च्या घरात पोचला होता. फ्रिज मात्र ठरावीक हवामानासाठी बनवलेला असतो, आणि ते हवामान त्याच्या मागच्या किंवा आतल्या लेबलवर इंग्रजी अक्षरांत छापलेलं असतं. ‘एन’ वर्गाचा फ्रिज १६ ते ३२ अंशांसाठी, ‘एसटी’ ३८ पर्यंत, ‘टी’ म्हणजे उष्ण प्रदेशाचा, तो ४३ पर्यंत. या वर्गवारीतला सगळ्यात वरचा वर्ग ४३ ला संपतो आणि आपला उन्हाळा त्याच्या पुढे जातो. फ्रिजचा वीजवापरसुद्धा आंतरराष्ट्रीय मानकानुसार १६ आणि ३२ अंशांच्या खोलीत मोजतात. म्हणजे मे महिन्यातलं आपलं स्वयंपाकघर त्या प्रयोगशाळेच्या कल्पनेपलीकडचं आहे.

हिशेब सोपा आहे. खालच्या कप्प्यात ४ अंश राखायचे आहेत. बाहेर ३० असताना फरक २६ अंशांचा, बाहेर ४३ झाले की ३९ अंशांचा. भिंतीतून आत झिरपणारी उष्णता या फरकाच्या प्रमाणात असते, म्हणजे कॉम्प्रेसरचं काम थेट दीडपट झालं. त्याच वेळी मागच्या जाळीतून उष्णता बाहेर टाकणंही अवघड झालेलं असतं, कारण ती ज्या हवेत टाकायची ती हवाच तापलेली. ऊर्जानगरच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. इथल्या २९२० मेगावॉटच्या महाऔष्णिक केंद्रात टर्बाइनखालच्या कंडेन्सरचा व्हॅक्यूम उन्हाळ्यात पडतो आणि तेवढ्याच कोळशात वीज कमी मिळते, हे शिफ्टमध्ये काम केलेल्या प्रत्येकाला पाठ असतं. फ्रिजचा कंडेन्सर त्याच संकटात असतो, फक्त त्याच्या दिमतीला कूलिंग टॉवर नसतो.

त्यामुळे मे महिन्यात फ्रिज दिवसभर न थांबता चालणं, कॉम्प्रेसरला हात लावला तर चटका बसणं, बर्फ जमायला दुप्पट वेळ लागणं, यांतलं काहीही आपोआप बिघाड ठरत नाही. बिघाड आहे की नाही ते ठरवायला एक साधा थर्मामीटर पुरे. तो पाण्यानं भरलेल्या पेल्यात बुडवून मधल्या फळीवर रात्रभर ठेवा आणि सकाळी दार उघडल्या उघडल्या वाचा. ५ अंशांच्या आत असेल तर फ्रिजला काही झालेलं नाही. ८-९ असेल तर पुढच्या परिच्छेदापासून सुरुवात करा. १५ असेल तर खरंच काही तरी बंद पडलेलं आहे. एवढा आकडा हातात असला तरी मेकॅनिकशी बोलण्याचा सूर बदलतो.

आता धूळ. औष्णिक केंद्राची राख, दुर्गापूर-पद्मापूरच्या खाणींचा कोळसा आणि रस्त्यावरच्या ट्रकांनी उडवलेली माती, या तिन्हींचं मिश्रण आपल्या खिडक्यांच्या जाळ्यांवर बसतं तसंच फ्रिजच्या मागच्या काळ्या जाळीवरही बसतं. त्यात स्वयंपाकाच्या फोडणीचं तेल मिसळलं की जो थर तयार होतो तो फुंकरीनं जात नाही. फ्रिज पुढे ओढून, प्लग काढून, जाळी दात घासायच्या जुन्या ब्रशनं आणि कोरड्या फडक्यानं वरून खाली झाडायला अर्धा तास लागतो. हे काम फेब्रुवारीत करावं, मेमध्ये नव्हे. जाळी आणि भिंत यांच्यात चार बोटं तरी जागा हवी. क्वार्टरच्या स्वयंपाकघरात ती मिळणं कठीण असतं हे कबूल, पण मग फ्रिज ओट्याच्या टोकाला गॅसच्या शेगडीशेजारी तरी ठेवू नये. अलीकडच्या बऱ्याच मॉडेलांत मागे जाळी दिसतच नाही, कारण नळ्या दोन्ही बाजूंच्या पत्र्याच्या आत बसवलेल्या असतात. अशा फ्रिजच्या बाजू तापतात आणि त्या तापायलाच हव्यात. ‘बाजूनं गरम लागतोय’ ही तक्रार नव्हे, यंत्र चालू असल्याची खूण आहे. मात्र त्या बाजूला तांदळाचा डबा टेकवून ठेवला किंवा फ्रिजवर घोंगडीसारखं कव्हर पांघरलं, तर उष्णता जाणार कुठे?

दाराचं रबर हा तिसरा बिनखर्चाचा मुद्दा. कागदाची पट्टी दारात अडकवून दार लावा आणि ओढा. सहज निसटली तर त्या जागी रबर बसत नाही. चारही बाजूंनी असं पाहावं, खालच्या कोपऱ्यात विशेष. बहुतेकदा रबर फाटलेलं नसतं, त्याच्या घडीत आमरसाचे थेंब, दुधाची साय आणि मुंग्या असतात. कोमट साबणाच्या पाण्यानं पुसलं की ते पुन्हा चिकटतं. घरात ओला कूलर लावणाऱ्यांनी त्याचा झोत फ्रिजच्या दारावर येऊ देऊ नये. दर वेळी दार उघडलं की दमट हवा आत जाते आणि आतल्या बर्फाच्या थरात भर पडते.

हे सगळं ठीक असेल तर विजेकडे वळायचं, आणि इथे कानांचा उपयोग होतो. फ्रिजमागे पाच-दहा मिनिटं शांत उभं राहा. कॉम्प्रेसर सुरू व्हायला जातो, दोन-तीन सेकंद जड हुंकार येतो, मग ‘टक्’ असा बारीक आवाज होऊन सगळं शांत. काही मिनिटांनी पुन्हा तेच. हा आवाज ओएलपीचा, म्हणजे जादा प्रवाह किंवा उष्णता वाढली की मोटर तोडणाऱ्या सुरक्षा-बटणाचा आहे. मोटर उठत नाही, म्हणून ते दर वेळी तिला वाचवतं आहे. अशा वेळी संशयित तीन: विजेचा दाब, रिले आणि स्वतः मोटर. दाब मल्टिमीटरनं बोर्डावर मोजता येतो. तो २३० ऐवजी १८० असेल तर मोटरची उठण्याची ताकद साधारण ६० टक्केच उरते, कारण ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. संध्याकाळी सगळ्यांचे कूलर-एसी सुरू झाल्यावर फ्रिज बंद पडत असेल आणि पहाटे आपोआप चालू होत असेल, तर दोष फ्रिजच्या बाहेर आहे.

रिले ही कॉम्प्रेसरच्या कुशीला प्लास्टिकच्या टोपीखाली बसवलेली छोटी डबी. प्लग काढून ती ओढून घ्या आणि कानाजवळ हलवा. आत खुळखुळ वाजलं तर तिच्यातली चकती फुटली आहे. काही शे रुपयांची ही वस्तू आहे. मोटर तपासायची तर तिच्या तीन पिनांमधला रोध मोजतात: कॉमन-स्टार्ट आणि कॉमन-रन यांची बेरीज स्टार्ट-रनइतकी यायला हवी. म्हणजे १८ आणि १२ ओहम आले तर तिसरा ३० च्या आसपास. यांपैकी कुठलीही पिन आणि कॉम्प्रेसरचा पत्रा यांच्यात जोड दाखवला तर मोटर गेली. ही तपासणी पाच मिनिटांची आहे. ती न करता कॉम्प्रेसर बदलायला सांगणाऱ्याला दारातून परत पाठवावं, असं माझं स्पष्ट मत आहे. इन्व्हर्टर कॉम्प्रेसरच्या नव्या फ्रिजला मात्र हे गणित लागू नाही. त्याच्या तिन्ही पिनांत सारखाच रोध येतो, रिले नसते, आणि दोष बहुधा त्याला वीज पुरवणाऱ्या कार्डात निघतो. ते काम घरगुती नव्हे.

एक सवय मात्र प्रत्येक घरात हवी. वीज जाऊन लगेच आली तर फ्रिज पाच मिनिटं बंद ठेवायचा. नळीतला दाब दोन्ही बाजूंना सारखा व्हायला तेवढा वेळ लागतो. त्याआधी मोटर उठवणं म्हणजे तिला भरल्या ओझ्यानिशी चढावर ढकलणं. चांगला स्टॅबिलायझर हा विलंब स्वतःच करतो.

कॉम्प्रेसर व्यवस्थित चालतो, फ्रीझरमध्ये बर्फ भरपूर, पण खाली भाजी कोमट. हे दृश्य फ्रॉस्ट-फ्री फ्रिजचं खास, आणि इथेच ‘गॅस’ची सगळ्यात जास्त बदनामी होते. या फ्रिजमध्ये थंड नळ्या फ्रीझरच्या मागच्या भिंतीआड असतात आणि एक छोटा पंखा ती थंडी खाली ढकलतो. नळ्यांवरचा बर्फ ठरावीक वेळानं हीटर वितळवतो. हीटर, त्याचा थर्मोस्टॅट, फ्यूज किंवा टायमर यांतलं काहीही गेलं की बर्फ साचत जातो, पंख्याची वाट बुजते आणि खाली हवा पोचतच नाही. परीक्षा अशी: फ्रिज रिकामा करून, दारं सताड उघडून, पूर्ण एक दिवस बंद ठेवा, खाली फडकी अंथरा. चालू केल्यावर तो आठ-दहा दिवस झकास चालला आणि मग पुन्हा तेच झालं, तर दोष डीफ्रॉस्टचाच आहे. गॅस कमी असता तर बर्फ वितळवल्यानं काहीच सुधारलं नसतं. यात बदलायच्या वस्तू स्वस्त आहेत, वेळ मात्र भिंत उघडण्यात जातो.

साध्या, एका दाराच्या फ्रिजला हीटर नसतो. त्याचा बर्फ आपणच बटण दाबून वितळवायचा असतो. आणि हे करताना माणसाला घाई होते, हातात सुरी येते. फ्रीझरचा तो चंदेरी कप्पा म्हणजे दोन पातळ अॅल्युमिनियमचे पत्रे, त्यांच्यामधल्या पोकळ वाटांतून गॅस फिरतो. सुरीचं टोक अर्धा मिलिमीटर जास्त गेलं की ‘फिस्स’ असा आवाज येतो, आणि चांगल्या फ्रिजचं आयुष्य तिथे संपू शकतं. भोक एपॉक्सीनं बुजवतात, काही वेळा ते टिकतंही. पण माझ्या मते गळतीच्या खऱ्या प्रकरणांत सुरीचा वाटा कंपनीच्या दोषापेक्षा कमी नसावा. गरम पाण्याचं पातेलं आत ठेवून दार लावलं तर अर्ध्या तासात बर्फ सुटतो. सुरीची गरजच नसते.

आता उरली नळी. कॉम्प्रेसर पंधरा मिनिटं सलग चालूनही बाजू किंवा जाळी गार, फ्रीझरमध्ये वाहत्या द्रवाची सळसळ नाही, किंवा कप्प्याच्या एका कोपऱ्यातच बर्फ आणि बाकी कोरडं, अशी लक्षणं असतील तर गळती, चोक (म्हणजे नळी तुंबणं) किंवा कॉम्प्रेसरचा पंप निकामी, यांपैकी एक आहे. इथून पुढे घरच्यांनी हात घालू नये, फक्त प्रश्न विचारावेत.

कुठला गॅस आहे हा पहिला प्रश्न. १९५८ साली गोदरेजनं देशी फ्रिज बाजारात आणला तेव्हापासून पुढची काही दशकं आर-१२ हाच गॅस होता. तो ओझोनचा थर खातो म्हणून १९८७च्या माँट्रियल करारानं त्याला घालवलं आणि भारतात २०१० पर्यंत त्याचा वापर थांबला. मग आर-१३४ए आला, आणि आता पुण्याजवळ शिरवळ-रांजणगावला बनणाऱ्या नव्या फ्रिजांत बहुतेक आर-६००ए, म्हणजे आयसोब्युटेन असतो. तो आपल्या स्वयंपाकाच्या गॅसचा सख्खा भाऊ. वातावरणाला त्याचा त्रास नगण्य, पण पेट घेतो. म्हणूनच कॉम्प्रेसरवर पिवळ्या त्रिकोणात ज्वाला छापलेली असते. त्याचं प्रमाण फार थोडं, बहुधा ३० ते ७० ग्रॅम. एवढ्याशा गॅसात पाच-दहा ग्रॅमची चूकही कूलिंग बिघडवते, म्हणून तो इलेक्ट्रॉनिक काट्यावर तोलूनच भरायला हवा. नुसता दाबाचा घड्याळी गेज पाहून नव्हे. त्यातून आयसोब्युटेन उणे १२ अंशांच्या आसपास उकळतो, त्यामुळे फ्रीझरच्या तापमानाला त्याचा दाब वातावरणापेक्षा कमी असतो. या बाजूला भोक पडलं तर गॅस बाहेर येण्याऐवजी हवा आणि तिच्यातली वाफ आत ओढली जाते. मग ते पाणी केसासारख्या बारीक कॅपिलरीत गोठतं आणि चोक होतो. असा फ्रिज थोडा वेळ चालतो, थांबतो, पुन्हा चालतो.

नीट काम करणारा मेकॅनिक आधी उरलेला गॅस मोकळ्या हवेत सुरक्षितपणे काढतो, नायट्रोजन भरून साबणाच्या फेसानं गळती शोधतो, ती बुजवतो, नळीतला ओलावा शोषणारा तांब्याचा छोटा ड्रायर हमखास बदलतो, व्हॅक्यूम पंप निदान अर्धा-पाऊण तास चालवतो आणि मग तोलून गॅस भरतो. नायट्रोजनऐवजी ऑक्सिजनच्या सिलिंडरनं दाब देणारा दिसला तर त्याला तिथेच थांबवा. कॉम्प्रेसरमधलं तेल आणि दाबाखालचा ऑक्सिजन यांचा स्फोट होतो. आर-६००एच्या फ्रिजवर आत गॅस असताना वेल्डिंगची ज्योत लावणंही तितकंच धोक्याचं. वीस मिनिटांत ‘गॅस भरून’ निघून जाणाऱ्यानं यांतल्या बहुतेक पायऱ्या गाळलेल्या असतात. आयटीआयमध्ये रेफ्रिजरेशन-एअर कंडिशनिंगचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे आणि त्यात हे सगळं शिकवतात. अडचण ज्ञानाची कमी, घाईची जास्त आहे. मे महिन्यात रोज डझनभर फोन येणाऱ्याला पाऊण तासाचा व्हॅक्यूम परवडत नाही, आणि गिऱ्हाईकही बिल कमी करायला सांगतं.

जिल्ह्याची सीमा ओलांडून गडचिरोलीत गेलं की प्रश्नाचं रूप बदलतं. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटल्याची बातमी दर पावसाळ्यात येते, आणि अशा गावांत फ्रिज गार न होण्याचं कारण फ्रिजमध्ये नसून तारेत असतं. बंद दाराचा फ्रिज चार तास गार राहतो असं जगभर सांगतात, आपल्या उन्हाळ्यात ते दोन-तीनच धरावेत. प्राथमिक आरोग्य केंद्रांतल्या लसी म्हणूनच घरगुती फ्रिजमध्ये ठेवत नाहीत. तिथे आइस-लाइन्ड रेफ्रिजरेटर असतो. त्याच्या भिंतींत बर्फाचं अस्तर असतं आणि दिवसातून आठ तास वीज मिळाली तरी तो लसी २ ते ८ अंशांत राखतो. घरात इन्सुलिन असणाऱ्यांनी यातून एवढं घ्यावं: इन्सुलिन दाराच्या कप्प्यात नको, फ्रीझरला चिकटूनही नको, मधल्या फळीवर. आणि वीज लांबली तर मातीच्या भांड्यात, ओल्या फडक्याच्या गारव्यात.

दुरुस्त करावा की नवा घ्यावा? माझा हिशेब असा आहे: रिले, थर्मोस्टॅट, पंखा, हीटर, रबर, कार्ड यांतलं काहीही असेल तर फ्रिज बारा वर्षांचा असला तरी दुरुस्त करावा. कॉम्प्रेसर गेला किंवा पत्र्याआडची नळी गळली आणि फ्रिज दहा वर्षांपुढचा असेल, तर नव्याचा विचार करावा. दहा वर्षांची हमी जाहिरातीत मोठ्या अक्षरांत असते, पण ती सहसा फक्त कॉम्प्रेसरची असते. गॅस, ड्रायर आणि मजुरी यांचं बिल वेगळं येतं. हमीचं कार्ड आधी वाचा. नवा घेताना वीजबचतीच्या ताऱ्यांइतकंच लक्ष ‘टी’ या अक्षराकडे द्या.

जुना भंगारवाल्याला देताना तो दारातच नळ्या कापू लागला तर त्याला थांबवा. २०२३च्या एप्रिलपासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत फ्रिज येतो, आणि जुना माल परत गोळा करून त्याची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. दुरुस्तीच करून घेणार असाल, तर बिलावर चार गोष्टी लिहून घेण्याचा आग्रह धरा: गळती कुठे सापडली, ड्रायर बदलला का, गॅस कुठला आणि किती ग्रॅम भरला, आणि कामाची हमी किती महिन्यांची. लिहून द्यायला नकार मिळाला तर काम देऊ नका. पैसे घेऊन महिनाभरात फ्रिज पुन्हा बंद पडला आणि कुणी दाद देत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे, आणि ते बिल हाच तुमचा पुरावा.